मूठभरांचा समाज कसा उभा राहतो?

पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा माणूस म्हणून मान मिळावा यासाठी गाव सोडणे ही आपल्या लोकांना नवी गोष्ट नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी गिरण्यांसाठी, गोदीसाठी, रेल्वेसाठी गावे सोडली. आता आपली मुलेमुली नोकरीच्या बदलीने तालुक्या-तालुक्यांत जातात, काही परदेशीही जातात. गाव सोडणे आपल्याला जमले. पण नव्या ठिकाणी गेल्यावर चार अनोळखी कुटुंबांचा एक समाज कसा करायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो. आता हातात फोन आल्यामुळे तो सुटला असे पुष्कळांना वाटते. तो खरोखर सुटला आहे काय, याचा विचार वाचक बंधू-भगिनींनी करावा म्हणून हा लेख.

मी मूळची परभणी जिल्ह्यातली. लग्नानंतर डहाणूला आले. पती तलासरी तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक. बी.कॉम. झालेली असल्याने पहिली काही वर्षे मी एका चिकूच्या वाडीवर हिशेब लिहिण्याचे काम केले; पुढे एका संस्थेच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागले. त्या वेळी इथे ना नात्याचे कोणी, ना ओळखीचे. भाषा मराठीच, पण घाटावरची मराठी ऐकून बाजारात लोक वळून बघत. आपण परके आहोत हे रोज कुठे ना कुठे जाणवे. अशा वेळी माझे लक्ष साहजिकच अशा लोकांकडे गेले, की जे माझ्याही कितीतरी आधी आणि कितीतरी दूरवरून इथे परके म्हणून आले होते. ते म्हणजे डहाणूचे इराणी.

आपले लोक 'पारशी-इराणी' असा एकच शब्द वापरतात. धर्म एकच, जरथुश्त्री. पण येण्याचा काळ वेगळा. पारशांचे पूर्वज हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. ते जिथे स्थिरावले ते संजाण डहाणू रोडपासून रेल्वेने चौथे स्टेशन. तिथे १९२० साली उभारलेला स्मारकस्तंभ आहे. पुढे संजाण पडले तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी पवित्र अग्नी आपल्याच डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरावरील गुहांत नेऊन बारा वर्षे राखला, असे त्यांची परंपरा सांगते. हीच कथा त्यांच्यातल्या एका धर्मगुरूने १६०० सालच्या सुमारास फारसी पद्यात लिहून ठेवली. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्याला आहे.

इराणी मात्र अलीकडचे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी यज्द आणि केरमान या भागांतून ते आले. तिथे त्यांच्यावर जिझिया कर होता, कामधंद्यावर आणि राहणीवर बंधने होती, हलक्या दर्जाची वागणूक होती. १८७१ च्या सुमारास मोठा दुष्काळही पडला. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली मानेकजी लिमजी हातारिया यांना इराणात पाठवले. त्यांनी तिथे वर्षानुवर्षे राहून खटपट केली आणि १८८२ साली तो कर रद्द झाला. आधी येऊन सुस्थितीत आलेल्या लोकांनी मागे राहिलेल्यांना विसरू नये, याचे हे मोठे उदाहरण आहे. शिकून वर आलेला आपला माणूस आपल्या वस्तीकडे किती वेळा वळून पाहतो, हे मी वेगळे सांगायला नको.

आलेल्यांपैकी कोणी मुंबईत चहाची हॉटेले काढली, तर कोणी डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात आले. महाराष्ट्रात चिकूची पहिली लागवड १८९८ साली घोलवडला झाली असे शेतीची पुस्तके सांगतात. हे झाडही परदेशीच, मध्य अमेरिकेकडचे. त्याचे कलम आपल्या खिरणीच्या रोपावर बांधतात. लावल्यावर बरे उत्पन्न यायला पाच-सात वर्षे जातात आणि मग ते अनेक दशके फळ देते. इराण्यांनी या बागायतीत पिढ्यान्‌पिढ्या घातल्या. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दोन वर्षांत परत जायचे असा विचार करणारा माणूस चिकू लावणार नाही. इथेच राहायचे असे ज्याने मनाशी ठरवले, त्यानेच समाजही उभारला.

तो कसा उभारला, हे मला वाडीच्या चोपड्यांतून उमगले. हिशेब लिहिताना खत, औषध, टोपल्या, रेल्वेचे भाडे अशा नोंदींबरोबर दर वर्षी ठरावीक महिन्यांत ठरावीक रकमा येत. अग्यारीला इतके, गरजूंच्या फंडाला इतके, गहंबारला इतके. चिकूला भाव असो वा नसो, रक्कम थोडी कमी-जास्त होई, पण नोंद चुकत नसे. गहंबार म्हणजे वर्षातून सहा वेळा येणारे त्यांचे ऋतूंचे उत्सव. त्या वेळी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे द्यायचे, कोणी किती दिले याचा गवगवा करायचा नाही, आणि श्रीमंत-गरीब सर्वांनी एका पंक्तीत जेवायचे, अशी जुनी रीत. त्याशिवाय २१ मार्चच्या सुमारास नवरोज, घरोघर मांडलेले सात जिन्नसांचे मेज, आणि मुलगा असो की मुलगी, तिच्या नवजोतीचा समारंभ. हे दिवस ठरलेले, जागा ठरलेली, वाटणीचे काम ठरलेले. कोणी बोलावले नाही म्हणून आलो नाही, ही सबब तिथे चालत नाही.

कायद्यानेही त्यांना सामावून घेतले. मुंबई उच्च न्यायालयात पेटिट विरुद्ध जीजीभॉय हा खटला १९०८ साली निकाली निघाला. पारशी कोणाला म्हणावे, हा त्यात प्रश्न होता. न्यायालयाने जुन्या पारशांच्या वंशजांबरोबरच इराणातून तात्पुरते किंवा कायमचे येणाऱ्या जरथुश्त्री इराण्यांनाही त्या शब्दात धरले. म्हणजे कालपरवा आलेल्या माणसालाही शेकडो वर्षांच्या संस्थांचे दार उघडे झाले. नव्याने आलेल्यांना आधीच्यांची उभी संस्था मिळाली, की त्यांची एक पिढी वाचते. आपल्याकडे बदलून आलेल्या कुटुंबाला हे मिळते का?

आता फोनबद्दल. मी ज्या वाडीवर काम केले तिथल्या वयस्क आजींकडे मी अजूनही सणावाराला जाते. त्यांची एक नात कॅनडात, एक नातू ऑस्ट्रेलियात, लेक मुंबईत. आजींना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण फोनवर नातवंडांचा ग्रुप कसा उघडायचा ते बरोबर ठाऊक. कोणाचे लग्न, कोणाची नवजोत, कोणाला कोणत्या गावी खोली हवी, कोण आजारी, सगळे तिथे कळते. नात कॅनडात उतरली, तेव्हा तिला पहिला महिना ज्या घरी आधार मिळाला ते घर याच मार्गाने सापडले. उत्तर अमेरिकेतल्या त्यांच्या स्थानिक संघटनांनी १९८७ साली आपला एक महासंघ केला. पाया असा आधीच घातलेला होता. फोन त्यावर नंतर आला. ओळख पटवणारी संस्था मागे असल्यामुळे फोनवरच्या अनोळखी आवाजावर विश्वास ठेवता येतो.

२०२० साली टाळेबंदी नेमकी नवरोजच्या दिवसांत आली. आजींनी मेज मांडले आणि सारे कुटुंब फोनच्या काचेतून एकत्र आले. मी नंतर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दीकरी, सगळ्यांचे तोंड दिसले, पण कोणाच्या ताटात काही वाढता आले नाही." त्यांनी तक्रार केली नाही, नुसते सांगितले. पुढच्या वर्षांत मुंबईची लेक नवरोजला येऊ लागली. ग्रुपवर दिवस ठरतो, आणि माणसे गाडीत बसून येतात. फोनचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाला असे मला वाटते.

परंतु या समाजाचे सगळेच घ्यावे असे मी म्हणणार नाही. अविभाजित हिंदुस्थानात १९४१ च्या जनगणनेत पारशांची संख्या १,१४,८९० होती. २०११ साली भारतात ती ५७,२६४ राहिली. लोकसंख्या वाढावी म्हणून सरकारला २०१३ साली 'जियो पारसी' योजना काढावी लागली. १९६४ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे 'पारसियाना' हे नियतकालिक २०२५ साली बंद झाले. ज्या कागदावर साऱ्या जगातल्या समाजाच्या जन्म-मृत्यूच्या आणि वादविवादाच्या बातम्या येत, तो कागद थांबला. आपणही एका साप्ताहिकाचे वाचक आहोत. वर्गणी भरताना ही गोष्ट आठवावी.

संख्या घटण्याची कारणे पुष्कळ आहेत. उशिरा लग्ने, थोडी मुले, परदेशगमन. पण त्याखेरीज दार बंद ठेवण्याचाही प्रश्न आहे. समाजाबाहेर लग्न केलेल्या पुरुषाची मुले पारशी, आणि मुलीची मात्र नाहीत, अशी चाल फार काळ चालत आली. वलसाडच्या एका स्त्रीने आईवडिलांच्या अंत्यविधीला जाता यावे म्हणून न्यायालयात दाद मागितली. २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१७ साली तिथल्या संस्थेने तिला अंत्यविधीस येऊ देण्याचे मान्य केले. लेकीला बापाच्या अखेरच्या दर्शनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही गोष्ट कोणत्याही समाजाला शोभणारी नाही. आपल्याकडेही पोटजातीबाहेर लग्न केले म्हणून लेकीला तोडणारी घरे आहेत, म्हणून हे लिहिते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वाडीच्या कपाटात हजेरीचे जुने मस्टर होते. त्यात वारली मजुरांची नावे. आजोबा, मुलगा, नातू अशी एकेका घरातली तीन पिढ्यांची नावे मी त्यात पाहिली. झाडाच्या शेंड्यावर चढून फळ उतरवणारे, आळी करणारे, पावसात तण काढणारे हेच लोक. एकाच वाडीत एका कुटुंबाचा समाज उभा राहिला, दुसऱ्याची फक्त हजेरी मांडली गेली. गहंबारच्या पंक्तीत सारे सारखे, पण ती पंक्ती वाडीच्या मजुरापर्यंत पोहोचत नव्हती.

या भागातील जमीनदार-सावकारांत अनेक समाजांचे लोक होते, त्यांत पारशी-इराणीही होते. वेठबिगार होती. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसह मालकाचा 'लग्नगडी' होऊन राबत असे. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातील झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि तिथून वेठीविरुद्धचा लढा पेटला. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्याचे पुढारी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण दिले. गोदावरीबाईंनी हा सारा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला; १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचकांना हेही ठाऊक असावे की शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. तेव्हा वारल्यांच्या लढ्याशी आपला संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

वारली हे इथले मूळ रहिवासी. आणि आज गंमत अशी की तेच आपल्या गावात राहून परके होत आहेत. पाऊस संपला की तलासरीतली कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. वाडी विकली गेली तर वाडीतला रोजगारही जातो. बाहेर गेलेल्या या माणसांना तिथे कोणती संस्था भेटते? कोणता फंड, कोणता ओळखीचा दरवाजा? फोन तर त्यांच्याही हातात आहे. ठेकेदाराचा निरोप त्यावर येतो, मजुरीच्या हिशेबाची चिठ्ठी येत नाही.

मात्र याच तालुक्यात हे सारे निरनिराळे लोक एकदा एका बाजूला उभे राहिले, तेही सांगायला हवे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी इथल्या नर्गिस इराणी यांनी लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. मच्छीमार, वारली, बागायतदार यांची भाषा, देव, जेवण सारे वेगळे; पण समुद्र, पाणी आणि झाडे यांवर प्रत्येकाचे पोट. आता २०२३ साली प्राधिकरणाची परवानगी आणि २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळून ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराचा पाया घातला गेला आहे. उद्या नव्या कामासाठी हजारो नवे लोक इथे येतील. त्या वेळी इथला जुना रहिवासी आणि नवा परका यांच्यात कोणते नाते असेल, याची तयारी आजच करावी लागेल.

परदेशातल्या आपल्या बांधवांनी अशी तयारी केली तर काय होते, याचे एक उदाहरण लंडनचे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर विक्रीला निघाले, तेव्हा ब्रिटनमधल्या आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने महाराष्ट्र सरकारकडे पाठपुरावा केला. २०१५ साली सरकारने ते घर घेतले. पुढे शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, स्थानिक परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. हे नुसत्या फोनवरच्या जयजयकाराने झाले नाही. बैठका, अर्ज, सह्या, तारखा, पैसा आणि चिकाटी यांनी झाले.

आता आमचे इथले सांगते. डहाणू-तलासरीत बदलीने आलेली आपली काही कुटुंबे आहेत. मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेत. फोनवर आमचा ग्रुप आहे. सकाळी जय भीमचे संदेश, फुलांची चित्रे, जयंतीचे फोटो. ते असायला माझी हरकत नाही. पण तलासरीतल्या एका ताईचे बाळंतपण अवघड झाले आणि रात्री रक्ताची गरज पडली, तेव्हा ग्रुपवर साठ माणसे आणि दवाखान्यात दोन. बाकीच्यांचा दोष होता असे नाही. कोणाला काय करायचे ते कधी ठरलेलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही चार बायांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. महिन्याचा दुसरा रविवार, पाळीपाळीने एकेका घरी. वंदनेनंतर अर्धा तास मुलांचा अभ्यास, मग चहा. रक्तगट लिहिलेली एक वही, आणि तीच यादी ग्रुपवर. दरमहा प्रत्येक घराचे ठरावीक पैसे, आणि त्यांचा जमाखर्च सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. हिशेब मी लिहिते, तपासते दुसरीच ताई. नव्याने बदलून आलेल्या कुटुंबाला पहिले आठ दिवस कोणाच्या घरून डबा जाईल, हे नावानिशी ठरलेले असते. गेल्या वर्षी गोंदियाहून आलेल्या परिचारिकेला डबा पोहोचला, तेव्हा तिने विचारले, तुम्ही मला कुठून ओळखता?

पुढची गोष्ट अजून वादात आहे. रविवारच्या अभ्यासाला आश्रमशाळेतली वारली मुले आणि शेजारच्या पाड्यावरची मुले बोलवावीत, असे मी मांडले. काही बांधव म्हणाले, आधी आपले आपण सावरू, मग दुसऱ्यांचे पाहू. त्यांची अडचण मला कळते. जागा थोडी, माणसे थोडी. पण आधी आपले, मग दुसऱ्यांचे, असे म्हणत वाडीच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तीन पिढ्या गेल्या, हे मी त्या मस्टरमध्ये पाहिले आहे. समतेचे नाव घेणाऱ्यांनी तरी कुंपण आधी आणि दार नंतर, असा क्रम लावू नये. या महिन्याच्या बैठकीत हा विषय पुन्हा आहे. पाड्यावरच्या दोन मुली पुस्तके घेऊन येणार आहेत, चटई मी धुऊन ठेवली आहे. ज्या गावी आपल्या भगिनींनी असे काही केले असेल, त्यांनी जागेची आणि खर्चाची व्यवस्था कशी लावली ते या पानावर जरूर लिहावे.